उंदीर स्वयंपाकघरात, पोरं गच्चीवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका पालकांचे पत्र वाचले. त्यांच्या सोसायटीत मुलांच्या कार्यक्रमात 'रॅटाटुई' हा स्वयंपाकावरचा कार्टूनपट दाखवला आणि ते मध्यंतरालाच मुलांना घेऊन घरी गेले. हा चित्रपट कुटुंबासह पाहण्याजोगा नाही, असे त्यांचे म्हणणे. कारणे त्यांनी पाच दिली: स्वयंपाकघरात उंदीर, एका प्रसंगात वाइन, एक चुंबन, लग्नाबाहेर झालेले मूल, आणि नायकाने दुसऱ्याच्या हातचे आपले म्हणून खपवणे. पत्र तळमळीने लिहिले आहे. अंक हातात आला तेव्हा मी चहा घेत होतो. चहा तसाच राहिला.

उत्तर देण्याचा मला दुहेरी हक्क आहे असे वाटते. एक तर आमच्या सोसायटीनेही यंदाच्या कोजागिरीला गच्चीवर पांढरी चादर बांधून हाच चित्रपट दाखवला, आणि तो निवडणाऱ्या तिघांत मी एक होतो. दुसरे म्हणजे मी एकतीस वर्षे सरकारी नोकरीत अन्ननिरीक्षक होतो. १९८४ साली लागलो तेव्हा १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. ५ ऑगस्ट २०११ पासून नवा कायदा लागू झाला आणि एका रात्रीत माझा 'अन्न सुरक्षा अधिकारी' झाला. पगार तोच, बॅग तीच. सांगायचा मुद्दा हा की खाण्याची वस्तू योग्य की अयोग्य हे ठरवण्यात माझा जन्म गेला, आणि स्वयंपाकघरात शिरलेल्या उंदरांशी माझे नाते पत्रलेखकांपेक्षा बरेच जुने आहे.

आधी नमुन्याविषयी बोलतो. दुधाच्या कॅनमधून नमुना घ्यायचा तर पहिला नियम हा, की कॅन तळापासून ढवळायचा. साय वर असते. न ढवळता वरचे घेतले तर दूध भारी निघते, तळातले घेतले तर हलके. नवखा निरीक्षक घाईत तसाच नमुना घेतो, सील लावतो, पंच सह्या करतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात गवळ्याचा वकील एकच प्रश्न विचारतो, "साहेब, ढवळलं होतं का?" संपले प्रकरण. माझेही सुरुवातीचे एक असेच गेले आहे. पत्रलेखकांनी चित्रपटाचा कॅन न ढवळता पाच चमचे काढले, ही माझी पहिली हरकत. त्यातून मध्यंतरालाच निघून गेले म्हणजे तळ त्यांनी पाहिलाच नाही.

आता निवड कशी झाली ते सांगतो, कारण गंमत तिथे आहे. चोवीस फ्लॅटची सोसायटी, बसणारे पाच वर्षांपासून ब्याऐंशी वर्षांपर्यंत. मसाला दुधाचे पातेले आणि चंद्र असताना मारामारीचा सिनेमा नको, खाण्यापिण्यावरचा काहीतरी लावू, असे ठरले. खाण्यावरचा म्हटला की तो आपोआप घरगुती, सोवळा, सगळ्यांसाठी, हा आपला समज. हा समज जितका पक्का तितकाच चुकीचा. मराठी 'गुलाबजाम' दोन वर्षांपूर्वीच दाखवून झाला होता, त्यामुळे तो बाद.

मग कोणीतरी 'द लंचबॉक्स' सुचवला. इरफान खान, मुंबईचे डबेवाले, चुकून दुसऱ्याच्या टेबलावर गेलेला डबा. "एकदम क्लीन पिक्चर आहे," असे सुचवणारे म्हणाले. मी तो २०१३ सालीच थेटरात पाहिला होता. शिवी नाही, हाणामारी नाही, अंगप्रदर्शन नाही. पण त्यात नवऱ्याचे बाहेर काही चालू आहे हे बायकोला त्याच्या कपड्यांच्या वासावरून कळते, आणि एके दिवशी ती अंगावरचे दागिने उतरवून ठेवते. कशासाठी, ते लहान मुलाला कळणार नाही. मोठ्याला कळते आणि घशात आवंढा येतो. तो चित्रपट उत्तमच आहे. पण सहा वर्षांच्या पोराला तो कंटाळवाणा आणि सोळा वर्षांच्या मुलीला एकटीने पचवायला जड. 'क्लीन' आणि 'सगळ्यांसाठी' हे दोन वेगळे डबे आहेत, एकावर दुसऱ्याचे झाकण बसत नाही.

दुसरी सूचना आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंची. त्या म्हणाल्या, 'द ग्रेट इंडियन किचन' लावा. २०२१ चा मल्याळम चित्रपट, जिओ बेबी दिग्दर्शक. खाली बसलेल्या पुरुषांपैकी दोघांनी तो पाहिला होता, आणि दोघेही एकदम म्हणाले, "तो नको, तो फॅमिलीत बघण्यासारखा नाही." का नाही, म्हणून मी विचारले. एक म्हणाले, त्यात बेडरूमचे आहे. खरे आहे, आहे; पाच-सहा वर्षांची मुले असलेल्या गच्चीवर तो नकोच, हे मलाही मान्य होते. पण दुसरे जे म्हणाले ते माझ्या डोक्यात राहिले. ते म्हणाले, "उगाच घरात विषय निघतात."

मी तो घरी सौ.बरोबर पाहिला होता. त्यात नवी नवरी आहे, तिला चित्रपटभर नावच नाही. सासऱ्यांना भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचाच हवा. कपडे मशीनमध्ये धुतलेले चालत नाहीत. जेवून उठलेल्यांनी चावून टाकलेला चोथा टेबलावर ताटाबाहेर तसाच, आणि तिथेच बसून तिने जेवायचे. आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळतो. ती नवऱ्याला रोज सांगते, प्लंबरला सांगा. तो रोज विसरतो. खाली घाण पाण्याची बादली भरते, ती ओतते, पुन्हा लावते. कॅमेरा त्या बादलीवरून हलत नाही.

संपादक महाशय, मी हॉटेलांच्या मोरीत पाणी तुंबले म्हणून नोटिसा काढलेला माणूस. सुधारणा करायला चौदा दिवसांची मुदत देत असे, पंधराव्या दिवशी हजर. आणि आमच्या घरच्या सिंकखाली त्या वेळी दीड महिना पाणी ठिबकत होते. सौ.ने खाली रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. ती त्या दृश्याच्या वेळी काहीच बोलली नाही. चित्रपट थांबवला नाही, माझ्याकडे बघितले नाही. उठून आत गेली, डबा ओतल्याचा आवाज आला, परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला प्लंबर आमच्या दारात होता. त्याला मी रात्री साडेदहालाच फोन केला होता.

म्हणून 'विषय निघतात' हे मला समजते. पण विषय निघतात म्हणून चित्रपट वाईट, हे निदान मला पटत नाही. आमच्या कायद्यात सदोष मालाचे तीन प्रकार असतात. 'असुरक्षित', म्हणजे खाल्ल्याने इजा होईल. 'कमी दर्जाचे', म्हणजे इजा नाही, पण कस ठरल्यापेक्षा कमी. आणि 'मिथ्याछाप', म्हणजे डबीवर एक आणि आत निराळे. लोक चित्रपटाला सरसकट 'असुरक्षित' म्हणतात, पण बहुतेक वेळा त्यांची तक्रार मिथ्याछापाची असते. स्वयंपाकाचा चित्रपट म्हणून बसलो आणि आत संसार निघाला!

तर असे करत करत गाडी 'रॅटाटुई'वर आली. मला तो ठाऊक नव्हता. निवड समितीवर आहे म्हटल्यावर आधी पाहणे आले. नात आठ वर्षांची, तिने तो चार वेळा पाहिला होता. पात्रे इंग्रजीत भराभर बोलतात, माझी अडचण व्हायची; ती भाषांतर करत होती. पहिल्या वीस मिनिटांत मी जागेवर ताठ बसलो.

त्यातला उंदीर, रेमी, याचे नाक तिखट. गावाकडच्या घराच्या माळ्यावर त्यांची शे-दोनशेची टोळी राहते. रेमीचा बाप टोळीचा म्होरक्या. तो पोराच्या नाकाचा उपयोग काय करतो? उकिरड्यावरून आणलेला प्रत्येक तुकडा टोळीने खाण्याआधी रेमीने हुंगायचा, त्यात उंदराचे औषध आहे की नाही ते सांगायचे. रांगेने उंदीर येतात, तो हुंगतो, पास करतो. अहो, ही माझी नोकरी! तीही बिनपगारी, आणि वरून बापाला वाटते की पोराने याहून मोठे काही करू नये.

आणि हे अगदीच कपोलकल्पित नाही. उंदीर नव्या खाण्यावर एकदम तुटून पडत नाही. थोडे चाखतो, थांबतो. त्रास झाला तर पुन्हा त्या चवीला तोंड लावत नाही. त्याला ओकता येत नाही, म्हणून तो सावध. याच कारणाने हल्ली ब्रोमाडिओलोनसारखी सावकाश काम करणारी औषधे वापरतात. उंदीर मरतो काही दिवसांनी, आणि कशाने ते बाकीच्यांना उमगत नाही. हे मी गोदामवाल्यांना हजार वेळा समजावले आहे. पडद्यावर तेच एका कार्टूनने दोन मिनिटांत सांगितले.

आता पाच हरकती. वाइनची आधी घेतो. पॅरिसच्या त्या नामांकित हॉटेलचा मुख्य आचारी, स्किनर नावाचा बुटका खवट गृहस्थ, नव्या पोऱ्याला, लिंग्विनीला, मुद्दाम उंची वाइन पाजतो. हेतू हा की तो बरळेल आणि गुपित सांगेल; गुपित हे, की लिंग्विनीच्या टोपीखाली लपून खरा स्वयंपाक रेमीच करतो. पोरगा बरळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पार लोळागोळा, आणि टोपीखालच्या उंदराला त्याचे केस ओढून ओढून त्याला कठपुतळीसारखा हलवावा लागतो. यातून मुलांनी काय घ्यायचे? माझ्या नातीने एवढेच घेतले की "त्याला ते द्यायला नको होतं." पाजणारा दुष्ट आणि पिणारा मूर्ख, हे तिच्या लक्षात यायला कोणी प्रवचन केले नव्हते.

चुंबनाचे मी लांबवत नाही. टीव्हीवर संध्याकाळी सातला जे चालते त्यापुढे ते काहीच नाही. लग्नाबाहेरच्या मुलाचे, म्हणजे लिंग्विनीचे, म्हणाल तर नातीचे भाषांतर असे होते: "तो त्या मोठ्या शेफचा मुलगा असतो, पण ते कोणालाच माहीत नसतं, शेफलापण." एवढे सांगून ती पुढे गेली. महाभारत सांगताना कर्णापाशी आपण काय करतो? तेवढेच.

मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. पत्रलेखकांना वाइनचा घोट दिसला, पण बंदूक दिसली नाही. चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक म्हातारी आपल्याच घराच्या छपरावर बंदुकीचे बार काढते, छत कोसळते, मग तोंडाला मुखवटा बांधून विषारी धूर सोडते. पुढे रेमी भिंतींच्या पोकळीतून वर चढतो तेव्हा एका खोलीत एक बाई पुरुषावर पिस्तूल रोखून उभी असते. गोळी सुटते, आणि लगेच दोघे मिठीत. हे मला जरा खटकले. आणि सगळ्यात जड प्रसंग तो, जिथे बाप रेमीला रात्री एका दुकानाच्या काचेपाशी नेतो. आत सापळे मांडलेले आणि वर मेलेले उंदीर ओळीने टांगलेले. पॅरिसमध्ये ते दुकान खरोखर आहे, १८७२ पासूनचे. बाप म्हणतो, माणसाच्या फार जवळ गेलं की हे होतं. या ठिकाणी चार वेळा पाहिलेली माझी नातही उशी तोंडावर घेते. मला कोणी विचारले असते तर मी लिहिले असते: पाच वर्षांखालचे मूल मांडीवर असावे, कारण हा प्रसंग. वाइनचा उल्लेखही केला नसता.

सरकारी शिक्क्याबद्दल थोडे. १९८३ पर्यंत आपल्याकडे 'यू' आणि 'ए' एवढेच. त्या साली 'यूए' आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचेही तीन भाग झाले: सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर. घरबसल्या पाहायच्या चित्रपट-मालिकांना २०२१ च्या नियमांनी असेच वयाचे शिक्के आले, आणि शिक्क्यासोबत आत काय आहे तेही थोडक्यात लिहावे लागते. हे चांगले झाले. पाकिटामागे घटक छापतात तसेच हे. पण पाकिटामागचे कोण वाचतो? एकतीस वर्षांत दुकानात उभे राहून पाकीट उलटे करून वाचणारी गिऱ्हाइके मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. सिनेमाच्या सुरुवातीचे प्रमाणपत्र म्हणजे तर पॉपकॉर्न घेऊन येण्याची वेळ.

उंदराचे आता. पत्रलेखकांची भीती अशी की मुले उंदराला मित्र समजतील आणि स्वयंपाकघरात येऊ देतील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि 'गणपतीचं वाहन आहे हो' म्हणून टोलवण्यासारखाही नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला, त्याने पुढे घरेच्या घरे ओस पाडली. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली आणि पाणी ओसरल्यावर लेप्टो आला, तो उंदरांच्या मुतातून. मुंबई महापालिकेत रात्रपाळीला काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार असतात, ते उगाच नाही. मी हॉटेलात शिरलो की गल्ल्याकडे किंवा भटारखान्याकडे जात नसे. सरळ फ्रिजच्या मागे आणि पिठाच्या पिंपापाशी. काळ्या तांदळासारख्या लेंड्या, कुरतडलेली पोत्याची कड, भिंतीच्या बुडाला अंग घासून पडलेला तेलकट काळा पट्टा, आणि एक वास. तो वास एकदा कळला की फिनेलखालूनही कळतो.

त्या नजरेने मी रेमीला पाहिला. आणि काय सांगू, चित्रपट करणाऱ्यांना हे सगळे ठाऊक आहे. रेमी चारही पायांवर चालत नाही, दोनच पायांवर चालतो. भाऊ विचारतो तेव्हा सांगतो की ज्या हातांनी खायचे ते जमिनीला टेकवायचे नाहीत. शेवटी सगळी टोळी स्वयंपाकाला लागते त्याआधी तो त्या सगळ्यांना भांडी धुण्याच्या यंत्रातून, वाफेतून काढतो. माझ्या हाताखाली आलेल्या निम्म्या भटारखान्यांत एवढा शिस्तीचा मुकादम नव्हता. अर्थात वाफेने धुतला म्हणून उंदीर चालत नाही. केस गळतातच. पण मुलांच्या डोक्यात काय बसते? हात धुवायचे. आमच्या घरी त्या आठवड्यात ते न सांगता झाले.

दुसऱ्याच्या हातचे आपले म्हणून खपवण्याची हरकत होती. तिच्यासाठीच मी कॅन ढवळा म्हणालो. लिंग्विनी ते खपवतो, त्याचे कौतुक होते, तो फुगतो, उंदराशी भांडतो. आणि ऐन वेळी, शहरातला सगळ्यात खडूस समीक्षक बाहेर टेबलावर बसलेला असताना, तो सगळ्या आचाऱ्यांपुढे टोपी काढून खरे सांगतो. परिणाम? सगळे आचारी अ‍ॅप्रन काढून निघून जातात. खरे बोललास म्हणून शाबासकी नाही. भटारखाना रिकामा. असे दृश्य मुलांच्या सिनेमात मी तरी पाहिले नव्हते. पत्रलेखक तोवर घरी पोचले होते.

खऱ्या मिथ्याछापाकडे तर त्यांचे लक्षच गेले नाही. मूळ मोठा शेफ वारलेला, आणि स्किनर त्याच्या चेहऱ्याचे चित्र लावून गोठवलेले तयार खाणे बाजारात विकतो. ज्या माणसाने ते खाणे कधी बनवले नाही त्याचे हसरे तोंड पाकिटावर. खलनायक पिस्तूलवाला नाही, खोटे लेबल लावणारा आहे. मी पडद्यासमोर उठून टाळी वाजवली. सौ. म्हणाली, "खाली बसा."

आता कोजागिरीची रात्र. दूध आटत होते, चंद्र पाण्याच्या टाकीच्या वर आला होता, चादर वाऱ्याने थोडी हलत होती म्हणून सगळी पात्रे मधूनमधून जाड होत होती. चित्रपटात एक आरोग्य निरीक्षक आहे. स्किनर त्याला फोन करून सांगतो, इथे उंदीर आहेत, लगेच या. निरीक्षक म्हणतो, तीन महिन्यांनंतरची वेळ देतो. कोणाची रद्द झाली तर मध्ये बसवीन. इथे माझ्या पोटात हलले. असे फोन मीही घेतले आहेत, एका तालुक्याला एक माणूस आणि एक जीप असताना. पण हा बिचारा त्याच रात्री येतो. दारातून आत डोकावतो, भटारखाना उंदरांनी भरलेला. तो धावत गाडीत बसतो, शेकडो उंदीर गाडीमागे लागतात, त्याला धरतात, हातपाय आणि तोंड बांधून आत कोठीत टाकतात.

गच्चीवर टाळ्या पडल्या. शिट्ट्याही. आणि मग सगळी गच्ची मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. सेक्रेटरी ओरडले, "साहेब, जपून!" मीही हसलो. काय करणार? पण नातीचा हात माझ्या मनगटावर आला. ती माझ्या कानाला लागून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण असे हॉटेल बंद करायचात?"

मी म्हणालो, "करायचो."

"त्यांना वाईट वाटायचं?"

वाटायचे. एका तालुक्याच्या गावातले हॉटेल आठवते. रव्याच्या पिंपात लेंड्या निघाल्या. मालक हात जोडून उभा, आणि काउंटरमागे त्याची दहा-बारा वर्षांची पोरगी माझ्यासाठी चहा घेऊन. तपासणीच्या ठिकाणचा चहा मी कधीच घेतला नाही, तिथेही नाही घेतला. ती कप घेऊन तशीच उभी. पंधरा दिवस हॉटेल बंद राहिले. वाढपी पोरे त्या दिवसांत काय करत होती हे मला विचारावेसे वाटले नाही. इडली त्यांची चांगली होती, हे मी पुढे वर्षभराने, बदली झाल्यावर, गिऱ्हाईक म्हणून जाऊन खाऊन पाहिले.

नातीला मी हे सगळे सांगितले नाही. म्हणालो, "शेवटपर्यंत बघ." आणि शेवट मला पुन्हा एकदा पटला. समीक्षक जेवतो, एका घासात त्याला आईच्या हातचे बालपणीचे जेवण आठवते, आचारी उंदीर आहे हे कळूनही तो कौतुकाने लिहितो. इथे दुसरा कोणी असता तर जयजयकार, हॉटेल धो धो चालले, संपले. हा चित्रपट तसे करत नाही. निरीक्षकाला आणि स्किनरला सोडावे लागते, आणि सोडल्यावर व्हायचे तेच होते: हॉटेल बंद. कौतुक लिहिणाऱ्या समीक्षकाची नोकरी आणि पतही जाते. नात सहाव्यांदा पाहत होती, तरी तिने विचारले, "जेवण तर छान होतं ना? मग बंद का?"

"जेवण छान होतं. आणि हॉटेल बंद करायलाच हवं होतं," मी म्हणालो.

ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोन्ही?"

"दोन्ही."

मी या चित्रपटाला पास केले ते एवढ्यासाठी. त्यात दारू आहे, बंदूक आहे, खोटेपणा आहे, उंदीर तर आहेतच. पण यातले काहीही फुकट जात नाही. ज्याने जे केले त्याचे बिल त्याच्या टेबलावर येते. अमेरिकेत त्याला सर्वांसाठी असा शिक्का मिळाला आहे, तो माझ्या लेखी योग्य. एक त्रुटी मात्र अहवालात नोंदवतो. शेवटी ही मंडळी नवे छोटे हॉटेल काढतात, आणि तिथेही भटारखान्यात रेमी आणि वर माळ्यावर उंदरांची पंगत. त्या जागेला परवाना कोणी दिला, याचा खुलासा झाला पाहिजे.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रपट परीक्षणाखाली 'सहकुटुंब पाहावा' असा छोटा शिक्का असतो. तो काढा असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दोन ओळींची जागा करा आणि आत काय आहे ते लिहा: मेलेल्या प्राण्यांचे दृश्य, एक आत्महत्येचा विचार, सिंकखालची बादली. कोणाचे कुटुंब काय पचवते ते त्या घराला माहीत असते. आमच्या घरी बादली चालली, मेलेले उंदीर उशीआड गेले. पत्रलेखकांकडे उलट असेल. त्यांना माझी विनंती आहे, मध्यंतरानंतरचा अर्धा भाग मुलांसोबत एकदा पाहावा. पटले नाही तर मला पुन्हा झोडपावे, मी वाचीन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अन्ननिरीक्षक,
विश्रामबाग, सांगली

ता. क. — पत्र पाकिटात घालता घालता एक कबुली द्यावी लागत आहे. चित्रपट चालू असताना गच्चीवरच्या टाकीमागून एक खराखुरा उंदीर गेला होता. दुसऱ्या दिवशी मी तिथे पिंजरा लावला, आत कांदाभजे. सकाळी पाहिले तर भजे गायब, त्या जागी चीजचा चौकोनी तुकडा, शेजारी पाण्याची वाटी, आणि पिंजऱ्याचे दार केसांच्या निळ्या रबरबँडने उघडे बांधलेले. चौकशी मी अजून सुरू केलेली नाही. पत्रलेखक पालकांचे तेवढे एक म्हणणे मला मान्य आहे.